महामंदीने उभारलेल्या भिंती आणि त्यांचे आजचे धनी

२००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने आपल्या कोठारातील जुने, निरुपयोगी सामान विक्रीस काढले. त्यात लाकडी कोरीवकामाचे काही फळे होते. एका खरेदीदाराने ते दीडशे डॉलर आणि वर विक्रीकर भरून उचलले. पुढे उलगडा झाला तो असा की, हे फळे म्हणजे सार्जंट जॉन्सन या नामवंत कृष्णवर्णीय शिल्पकाराने १९३७ मध्ये रेडवूड लाकडात कोरलेले सुमारे बावीस फूट लांबीचे उठावशिल्प होते. बर्कलीतील अंधशाळेच्या सभागृहातील ऑर्गन वाद्याच्या नळ्यांपुढे बसवण्यासाठी केंद्र सरकारने रोजगार योजनेच्या पैशातून ते करवून घेतले होते. अंधशाळा १९८०च्या सुमारास दुसऱ्या गावी गेली, तिची जागा विद्यापीठाकडे आली, शिल्प उतरवून कोठारात ठेवले गेले आणि नोंदींच्या घोळात त्याची ओळखच हरवली. २०११ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन संस्थेने ते विकत घेतले आणि आज ते तेथे सन्मानाने मांडलेले आहे. जगातील अग्रगण्य सार्वजनिक विद्यापीठांत गणना होणाऱ्या संस्थेला आपल्याच कोठारात काय आहे हे ठाऊक नव्हते.

ही घटना जुनी असली तरी तिने उभा केलेला प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. केंद्र सरकारच्या मालकीच्या कलाकृती आणि इमारती सांभाळणाऱ्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याच्या ताब्यात २६ हजारांहून अधिक कलाकृती आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग महामंदीच्या काळातला आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारी नोकरकपातीच्या लाटेत या खात्याच्या कलाविभागातील निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याचे वृत्त आले. त्याआधी, जानेवारीत अमलात आलेल्या एका कायद्याने राजधानी वॉशिंग्टनमधील विल्बर कोहेन इमारतीच्या विक्रीची तरतूद केली. सामाजिक सुरक्षा मंडळासाठी बांधलेल्या या इमारतीच्या भिंतींवर बेन शान, फिलिप गस्टन, सेमूर फोगेल यांची त्या काळातील चित्रे आहेत. विद्यापीठांची परिस्थितीही सुखाची नाही. संशोधन अनुदानांना कात्री लागली आहे, श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या ठेवींवरील उत्पन्नावरचा कर १.४ टक्क्यांवरून कमाल ८ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला आहे आणि पेन स्टेटसारख्या बलाढ्य सार्वजनिक विद्यापीठाने आपल्या सात शाखा २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करण्याचा निर्णय घेतला आहे. पैसा आटतो तेव्हा पहिली कुऱ्हाड देखभालीवर पडते आणि त्या देखभालीच्या यादीत जुनी भित्तिचित्रे सर्वांत शेवटी असतात.

या विषयाची आपण मराठी मंडळींनी दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्यापैकी अनेकांचे अमेरिकेतील पहिले घर म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा परिसर होता. आता आपली मुले तेथे शिकतात, त्यांचे शुल्क आपण भरतो, माजी विद्यार्थी म्हणून देणग्या देतो आणि क्वचित संचालक मंडळांवरही बसतो. ज्या इमारतींत आपण शिकलो त्या कोणाच्या पैशातून आणि कोणत्या हेतूने उभ्या राहिल्या, हे जाणून घेणे ही त्या नात्याची किमान अट म्हणावी लागेल.

पैसा कोठून आला?

१९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या, बँका बुडालेल्या आणि महाविद्यालयांतील विद्यार्थीसंख्या घटू लागलेली. अशा वेळी इमारती बांधण्याचा विचार विद्यापीठांना स्वतःहून सुचणे शक्य नव्हते. जून १९३३ मध्ये संसदेने सार्वजनिक बांधकामांसाठी ३३० कोटी डॉलरची तरतूद केली आणि अंतर्गत व्यवहारमंत्री हॅरल्ड इक्स यांच्या हाती पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन हे खाते सोपवले. त्याची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. विद्यापीठाने आराखडा सादर करावा. तो मंजूर झाला की सुरुवातीच्या काळात सुमारे ३० टक्के आणि १९३५ पासून ४५ टक्के रक्कम केंद्राने अनुदान म्हणून द्यावी. उरलेल्या रकमेसाठी विद्यापीठाने कर्जरोखे काढावेत आणि बाजारात गिऱ्हाईक नसेल तर ते रोखेही केंद्रानेच विकत घ्यावेत. वसतिगृहांच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या भाड्यातून कर्ज फिटत असे. त्यामुळे ही वाटलेली खैरात होती, हा समज बरोबर नाही. विद्यापीठे आणि त्यांची राज्ये या व्यवहारात भागीदार होती.

इक्स हे हिशेबाला कमालीचे काटेकोर गृहस्थ होते. खासगी कंत्राटदार, निविदा, तपासणी या साऱ्या पायऱ्यांतून त्यांचे काम जात असे आणि म्हणून ते मंद चाले. हॅरी हॉपकिन्स यांची वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन ही १९३५ मध्ये स्थापन झालेली दुसरी यंत्रणा नेमक्या उलट स्वभावाची होती. मदतीच्या यादीवरील बेकारांना थेट कामावर घ्यायचे आणि शक्य तितका पैसा मजुरीवर खर्च करायचा, हे तिचे सूत्र होते. आठ वर्षांत तिने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. तिसरी यंत्रणा नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन ही विद्यार्थ्यांसाठी होती. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात काही तास काम करावे आणि त्या मोबदल्यावर शिक्षण चालू ठेवावे, अशी तिची योजना होती. पुढे नाटककार म्हणून कीर्ती मिळवणारे आर्थर मिलर मिशिगन विद्यापीठात महिना पंधरा डॉलरवर प्रयोगशाळेतील उंदरांची निगा राखत असत. सरकारी योजनांवर पुढे कठोर टीका करणाऱ्या पक्षाचे अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन यांनीही ड्यूक विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेताना याच योजनेखाली तासाला पस्तीस सेंटवर काम केले होते. टेक्सास राज्यात या यंत्रणेचे प्रमुख लिंडन जॉन्सन नावाचे एक तरुण होते. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांनीच उच्च शिक्षणाच्या आणि स्थलांतराच्या अशा दोन्ही नव्या कायद्यांवर सही केली. त्यांतील दुसऱ्या कायद्याने आपल्यापैकी अनेक घराण्यांची अमेरिकेतील वाट मोकळी झाली, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

या साऱ्याचे फलित थक्क करणारे आहे. १९३३ ते १९३९ या काळात अमेरिकेत ज्या नव्या शैक्षणिक इमारती झाल्या, त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के इमारतींना इक्स यांच्या खात्याचे साहाय्य होते. ब्रुकलिन कॉलेजचा परिसर या काळात उभा राहिला आणि तेथील व्यायामशाळेची कोनशिला १९३६ च्या ऑक्टोबरात खुद्द रूझवेल्ट यांनी बसवली. त्या काळी न्यूयॉर्क शहराच्या महाविद्यालयांत शुल्क नव्हते. ही सवलत १९७६ पर्यंत टिकली. न्यू मेक्सिको विद्यापीठाचे ग्रंथालय जॉन गॉ मीम यांनी तेथील मातीच्या घरांच्या परंपरेला अनुसरून १९३८ मध्ये सिद्ध केले. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाचे फाउंडर्स ग्रंथालय केंद्राच्या पैशातून बांधले जाऊन १९३९ मध्ये खुले झाले. शाळांतील वर्णभेदाच्या विरोधात जो घटनात्मक लढा १९५४ च्या निकालापर्यंत गेला, त्याची बरीचशी आखणी याच वास्तूत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर लाखो सैनिक महाविद्यालयांकडे वळले तेव्हा त्यांना सामावून घ्यायला वर्ग, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे होती, ती पुष्कळशी या दहा वर्षांत बांधलेली. मंदीच्या काळात केलेल्या खर्चाचे खरे व्याज समृद्धीच्या काळात मिळाले.

कलावंतालाही पोट असते

इमारतींपेक्षाही धाडसी निर्णय होता तो कलावंतांना कामावर घेण्याचा. मे १९३३ मध्ये जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपले जुने शाळासोबती रूझवेल्ट यांना पत्र लिहून मेक्सिकोचा दाखला दिला. तेथे सरकारने गवंड्याच्या रोजीवर चित्रकारांना सार्वजनिक इमारतींच्या भिंती रंगवायला दिल्या होत्या आणि त्यातून राष्ट्रीय कलेचा एक नवा प्रवाह निर्माण झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला. जेमतेम सहा-सात महिन्यांत सुमारे ३,७०० कलावंतांनी १५,६०० हून अधिक कलाकृती केल्या आणि एकूण खर्च आला सुमारे १३ लाख डॉलर. १९३५ मध्ये त्याहून व्यापक असा फेडरल आर्ट प्रोजेक्ट हॉपकिन्स यांच्या यंत्रणेखाली सुरू झाला आणि १९४३ पर्यंत चालला.

या पैशाचा विद्यापीठांवर कसा परिणाम झाला याचे सर्वांत प्रसन्न उदाहरण आयोवा स्टेट विद्यापीठात आहे. एम्स गावी अभियांत्रिकी शिकलेल्या मराठी वाचकांना तेथील पार्क्स ग्रंथालयाचा जिना आठवत असेल. त्या भिंतींवरील चित्रांची रचना ग्रँट वूड यांची आहे. ते या योजनेचे आयोवातील प्रमुख होते. पहिल्या संचाचे काम १९३४ मध्ये आयोवा सिटी येथील विद्यापीठाच्या एका वापरात नसलेल्या पोहण्याच्या तलावात झाले. बेकार चित्रकारांचा एक गटच्या गट तेथे वूड यांच्या हाताखाली राबला. शेती, अभियांत्रिकी आणि गृहविज्ञान हे त्या चित्रांचे विषय आहेत. कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवदेवता किंवा ग्रीक तत्त्वज्ञ न रंगवता नांगर, यंत्रे आणि कामकरी माणसे रंगवणे, हा त्या काळाचा विचार होता. याच योजनेतून डेन्मार्कमध्ये जन्मलेले क्रिश्चन पीटरसन नावाचे शिल्पकार एम्सला आले. दुग्धशाळेच्या अंगणात त्यांनी दुधाच्या व्यवसायाचा इतिहास उठावशिल्पात कोरला. काही महिन्यांच्या कामासाठी आलेला हा माणूस १९५५ पर्यंत तेथेच राहिला आणि विद्यापीठाचा निवासी शिल्पकार म्हणून त्याने परिसराचे रूप घडवले.

हे कलावंत कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. पीटरसन डेन्मार्कचे, सॅन फ्रान्सिस्कोत काम केलेले व्हिक्टर अर्नोटॉफ रशियातून आलेले, तर बर्नार्ड झाखाइम पोलंडमधील ज्यू कुटुंबातले. त्या काळी अमेरिकेचे दरवाजे परदेशीयांना जवळजवळ बंद होते आणि मंदीमुळे स्थलांतरितांबद्दलचा रोष वाढला होता. तरीही, देशाच्या इतिहासाची चित्रे सार्वजनिक भिंतींवर काढण्याचे काम या स्थलांतरितांच्या हाती गेले. आजच्या वातावरणात ही गोष्ट सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मालकी कोणाची?

मग या कलाकृतींचा धनी कोण? कायद्याच्या दृष्टीने उत्तर दोन भागांत द्यावे लागते. भिंतीपासून सुटे करता येण्याजोगे चित्र किंवा शिल्प एखाद्या महाविद्यालयाला दिलेले असले तरी ते सर्वसाधारणपणे उसनवारीने दिलेले असते. मालकी केंद्र सरकारचीच राहते. म्हणून आजोबांच्या माळ्यावर सापडलेले असे चित्र कोणी लिलावात मांडले, तर सरकार ते परत मागू शकते आणि मागतेही. भिंतीचाच भाग बनलेल्या कलाकृतीचे मात्र तसे नाही. भिंत राज्याच्या विद्यापीठाची, चित्र केंद्राच्या पैशाचे, आणि दोघांमधील कागदपत्रे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची, पुष्कळदा त्रोटक. बर्कलीच्या शिल्पाबाबत केंद्राने अखेर मालकीचा दावा पुढे रेटला नाही आणि खासगी विक्रीचा मार्ग मोकळा झाला.

त्याच विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय शाखेत दशकभराने याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. पार्नासस टेकडीवरील तिच्या परिसरातील टोलंड सभागृहात झाखाइम यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील वैद्यकाचा इतिहास दहा भागांत, ओल्या गिलाव्यावर रंगवला. त्यात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बिडी मेसन या कृष्णवर्णीय सुइणीला वैद्यांच्या बरोबरीने स्थान आहे. चित्रांकडे लक्ष गेल्याने विद्यार्थ्यांचे व्याख्यानांकडे लक्ष राहत नाही, अशी कुरकूर होऊन काही वर्षांतच ती कागदाने झाकण्यात आली आणि १९६० च्या दशकात पुन्हा उघडली गेली. २०२० मध्ये विद्यापीठाने भूकंपाच्या दृष्टीने धोकादायक ठरलेली ती इमारत पाडण्याचे ठरवले, चित्रे वाचवण्यासाठी कित्येक दशलक्ष डॉलर लागतील असा अंदाज दिला आणि हवी असतील तर ती काढून नेण्यासाठी झाखाइम यांच्या कुटुंबीयांना मुदत दिली. ओल्या गिलाव्यावरील चित्र कॅनव्हाससारखे गुंडाळून नेता येत नाही. रंग भिंतीतच मुरलेला असतो. म्हणजे ही मुदत प्रत्यक्षात चित्रांच्या मृत्यूची तारीख होती. तेव्हा जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनने पत्र पाठवून ही चित्रे केंद्राच्या मालकीची असल्याचे कळवले. जतनप्रेमींचा दबाव होताच. अखेर भिंतींच्या भागांसह चित्रे सोडवून साठवणीत नेण्यात आली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक निष्कर्ष निघतो. पहिल्या घटनेत कायदा असूनही कोणाचे लक्ष नव्हते. दुसऱ्या घटनेत नोंदी चाळणारा, पत्र लिहिणारा, विद्यापीठाला थांबवणारा कोणी तरी सरकारी खुर्चीवर होता. कर्मचारी घरी पाठवले की मालकीचा हक्क कागदावर तसाच राहतो, पण तो बजावणारे हात नाहीसे होतात. मार्च २०२५ मधील त्या बातमीचा खरा अर्थ हा आहे. हे भय काल्पनिक नाही, याचा पुरावा इतिहासातच आहे. योजना १९४३ मध्ये गुंडाळली गेल्यावर न्यूयॉर्कमधील शेकडो चित्रे निरुपयोगी कापड म्हणून वजनावर विकली गेली आणि त्यांतील काही नळांवर गुंडाळण्यासाठी वापरण्याचा घाट घातला गेला होता. सरकारच करवून घेते आणि सरकारच मोडीत काढते, असा हा अनुभव आहे.

भिंतीवरील इतिहास दुखवतो तेव्हा

पैसा आणि मालकी यांच्यापलीकडे तिसरा प्रश्न आहे आणि तो अधिक नाजूक आहे. केंटकी विद्यापीठाच्या मेमोरियल हॉलमध्ये ॲन राइस ओहॅनलन यांनी १९३४ मध्ये सुमारे चाळीस फूट लांबीचे भित्तिचित्र रंगवले. त्यात लेक्झिंग्टन परिसराच्या इतिहासाबरोबर तंबाखूच्या शेतात वाकून काम करणारे गुलाम, गोऱ्यांच्या नाचासाठी वाद्ये वाजवणारे कृष्णवर्णीय आणि कुऱ्हाड उगारलेला आदिवासी दिसतो. २०१५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. परीक्षेला किंवा व्याख्यानाला जाताना आपल्या पूर्वजांची गुलामगिरी शोभेच्या चित्रासारखी दर वेळी पाहावी लागते, ही त्यांची व्यथा होती. तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. विद्यापीठाने आधी चित्र झाकले, मग कॅरिन ओलिव्हिए या कृष्णवर्णीय कलावतीला त्याच जागेसाठी उत्तरादाखल कलाकृती करण्याचे निमंत्रण दिले. २०१८ मध्ये तिने घुमटावर सोनेरी वर्ख लावून त्यावर जुन्या चित्रातील कृष्णवर्णीय आणि आदिवासी माणसांच्या प्रतिमा पुन्हा रेखाटल्या. खाली शेतात वाकलेली माणसे वर आकाशात गेली.

२०२० मध्ये देशभर उसळलेल्या आंदोलनानंतर विद्यापीठाने जुने चित्र काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा लेखक वेंडेल बेरी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मूळ चित्रकर्तीची भाची, यांनी न्यायालयात धाव घेतली. ओलिव्हिए यांनीही निर्णयाला विरोध केला. त्यांची कलाकृती त्या चित्राला दिलेले उत्तर होती. प्रश्नच पुसला तर उत्तर निरर्थक ठरते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये हाच वाद अधिक विचित्र रूपात पुढे आला. ही शाळा आहे, महाविद्यालय नव्हे. पण उदाहरण टाळता येत नाही. अर्नोटॉफ यांनी १९३६ मध्ये तेथे वॉशिंग्टन यांच्या जीवनावर तेरा चित्रे रंगवली. त्यांत वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरचे गुलाम आहेत आणि पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पायाशी पडलेले आदिवासीचे प्रेतही आहे. पाठ्यपुस्तके जे लपवत होती ते डाव्या विचारांच्या या चित्रकाराने भिंतीवर मांडले होते. २०१९ मध्ये शाळा मंडळाने ती चित्रे रंग फासून पुसण्याचा ठराव केला, टीका झाल्यावर ती झाकून ठेवण्याचे ठरवले, २०२१ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेतील चुकांमुळे तो निर्णय रद्द केला आणि २०२२ मध्ये मंडळाने माघार घेतली. चित्रकाराचा हेतू टीकेचा होता हे खरे. पण ज्या आदिवासी मुलाला रोज त्या प्रेताजवळून वर्गात जायचे आहे, त्याला हेतूचे स्पष्टीकरण पुरेसे वाटेलच असे नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या मते या पेचातून ओलिव्हिए यांनी दाखवलेला मार्ग सर्वांत सन्मान्य आहे. चित्र ठेवावे, त्याच्याशेजारी उत्तर उभे करावे, आणि ज्यांना ते दुखवते त्यांना त्या उत्तराच्या रचनेत पहिला मान द्यावा. सक्तीच्या वाटेवरचे चित्र असेल तर वर्ग हलवावा, वाट बदलावी. इंडियाना विद्यापीठाने थॉमस हार्ट बेंटन यांच्या एका चित्राबाबत २०१७ मध्ये असेच केले. हे चित्र राज्याच्या पैशातून शिकागोच्या प्रदर्शनासाठी झाले होते आणि त्यात कू क्लक्स क्लॅनची माणसे दिसतात. चित्र जागेवर राहिले. त्या सभागृहात वर्ग भरवणे थांबले. पुसलेले चित्र परत आणता येत नाही, बदललेले वेळापत्रक बदलता येते.

दुसऱ्या बाजूने, महामंदीच्या या वारशाचे गोडवे गातानाही भान ठेवावे लागते. दक्षिणेतील राज्यांत तेव्हा वर्णभेद कायदेशीर होता आणि केंद्राचा पैसा त्या भेदाच्या चौकटीतूनच वाटला गेला. मेरी मॅक्लिओड बेथून यांच्यासारख्या कार्यकर्त्या नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये कृष्णवर्णीयांच्या विभागाच्या प्रमुख होत्या म्हणून काही वाटा त्यांच्या महाविद्यालयांकडे वळला. तो समान नव्हता. ज्या देखण्या इमारतींचे आपण कौतुक करतो, त्यांतील अनेकींचे दार बांधले गेले त्या दिवशी सर्वांसाठी उघडे नव्हते.

आपल्या अनुभवाच्या प्रकाशात

महाराष्ट्रीय माणसाला ही सारी कथा अगदी परकी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने कामाच्या बदल्यात मजुरी देण्याचा मोठा प्रयोग केला आणि वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. संकटकाळी माणसाला दान देऊ नये, काम द्यावे आणि त्या कामातून गावाच्या मालकीचे काही तरी उभे राहावे, हा विचार दोन्हीकडे समान होता. फरक कामाच्या कल्पनेत होता. आपल्या योजनेने खडी फोडणाऱ्या हाताचा विचार केला. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध झाले. सुशिक्षित बेकार, चित्रकार, ग्रंथपाल, नट हे संकटात सापडलेले कामकरी आहेत, ही कल्पना त्या चौकटीत बसली नाही. अमेरिकेने तेवढे पुढचे पाऊल टाकले. उणीव मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. बांधण्यासाठी पैसा मिळाला, सांभाळण्यासाठी मिळाला नाही. गाळाने भरलेला पाझर तलाव आणि कोठारात हरवलेले उठावशिल्प ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे आहेत.

मग करावे काय? पहिली गोष्ट नोंदींची. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारातील त्या काळच्या इमारतींची आणि कलाकृतींची, त्यांच्या निधीच्या कागदपत्रांसह, जाहीर यादी करावी. यात खर्च थोडा आहे आणि बर्कलीसारखी नामुष्की टळते. दुसरी गोष्ट विक्रीच्या अटींची. जे परिसर बंद होणार आहेत त्यांच्या इमारती विकताना भिंतीवरील कलेचे काय होणार, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. इमारत पाडण्याची निविदा निघाल्यावर तो विचार करणे म्हणजे फार उशीर. तिसरी गोष्ट जबाबदारीची. केंद्र सरकार मालक असेल तर मालकाने माणसे नेमावीत आणि नेमायची नसतील तर मालकी व जतनाचा निधी दोन्ही संस्थांकडे सोपवावेत. हक्क वॉशिंग्टनकडे, खर्च विद्यापीठाकडे आणि लक्ष कोणाचेच नाही, ही आजची व्यवस्था सर्वांत वाईट आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. शुल्काच्या ओझ्याखाली विद्यार्थी पिचत असताना जुन्या भिंतींवर दशलक्ष डॉलर का खर्चावेत? आक्षेप वजनदार आहे आणि प्रत्येक चित्र वाचवलेच पाहिजे असा आग्रह आम्ही धरत नाही. पण ज्या पिढीजवळ आजच्यापेक्षा फार कमी होते, तिने विद्यार्थ्याचे शुल्क, मजुराची रोजी आणि चित्रकाराची भिंत या तीन गोष्टींत एक निवडा असे म्हटले नाही. तिन्ही एकाच अंदाजपत्रकात बसवल्या. आजची टंचाई खरी असली तरी ती त्या टंचाईहून मोठी नाही.

आपल्या समाजाच्या हातात यातले काही आहे. मराठी मंडळे विद्यापीठांत भाषा आणि अभ्यासाच्या कामी देणग्या देऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांना महाविद्यालये दाखवायला नेताना आपण प्रवेशाचे निकष, वसतिगृहाचे दर आणि नोकरीचे आकडे बारकाईने विचारतो. त्या फेरीत ग्रंथालयाच्या दाराशी एखादा धातूचा फलक दिसला, तर थांबून त्यावरचे साल वाचावे. ते १९३५ ते १९४० च्या दरम्यानचे असेल तर सोबत्या विद्यार्थ्याला एवढेच विचारावे की, या इमारतीत त्या काळची चित्रे होती का, आणि असतील तर ती आज कोठे आहेत. शुल्क भरणाऱ्या पालकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधणे विद्यापीठाच्या कार्यालयाला भाग पडते. कोणी विचारले असते, तर बर्कलीचे शिल्प दीडशे डॉलरला गेले नसते.